वहीतले सत्तावीस, बाजारातले तेरा: दोनशिक्षकी शाळेतला एक आठवडा (आणि एक प्रश्न)

पाटीपेन्सिल

आमची शाळा जिल्हा परिषदेची. पहिली ते चौथी, पट ३७, शिक्षक दोन. साठपर्यंत पट असला की शिक्षण हक्क कायद्याने दोनच शिक्षक मिळतात, त्यामुळे तक्रारीला जागा नाही. एरवी पहिली-दुसरी माझ्याकडे आणि तिसरी-चौथी सरांकडे. संक्रांतीच्या आधीच्या आठवड्यात सरांना तालुक्याला प्रशिक्षण लागलं आणि चारही इयत्ता माझ्या खोलीत आल्या. त्यातच शनिवारी बाल आनंद बाजार भरवायचं आधीच ठरलेलं, गावात सांगूनही झालेलं.

बाल बाजारात काय चालतं ते इथल्या शिक्षकमंडळींना ठाऊक आहेच. आया पहाटे उठून भेळ, इडल्या, वडापाव करून देतात, पोरं टेबलामागे नटूनथटून उभी राहतात, हिशेब आई करते, फीत सरपंच कापतात आणि दुपारपर्यंत फोटो केंद्रातल्या शाळांच्या ग्रुपवर. माझा त्याला विरोध नाही, पण तो मेळावा झाला, शिकणं नाही. म्हणून यंदा दोन नियम केले. टेबलामागे मोठं माणूस नको. आणि गिऱ्हाइकाने "राहू दे सुटे" म्हणायचं नाही, मोड मोजून घ्यायची.

सोमवारी परिपाठ झाल्यावर काय विकायचं त्याची यादी केली. शिजवलेलं काही नको, शेतातलं नाहीतर रानातलं आणायचं. बोरं, हरभऱ्याचे डहाळे, वाटाणा, मेथी, मुळा, चिंचा. दर किती ठेवायचे? "बाई, तुम्हीच सांगा." मी कशाला सांगू? बुधवारी शेजारच्या गावाचा आठवडी बाजार असतो, घरच्यांबरोबर जा, विचारा, वहीत लिहून आणा.

मंगळवार तराजूत गेला. कपडे अडकवायचा हँगर, दोन प्लॅस्टिकच्या ताटल्या आणि सुतळी. पारडी एका पातळीत येईनात. किराणा दुकानाचे काका मुलांना सोडायला आले होते, त्यांनी हलक्या बाजूला चिंधीत खडा गुंडाळून पासंग बांधून दिला. वजनं आणायची कुठून? काकांनी एक किलोचं माप तेवढं दिलं. त्याच्या समोर पिशवीत वाळू तोलली, एक किलो झाली. मग चौथीतल्या एका मुलीने वाळू दोन्ही पारड्यांत थोडी थोडी टाकत सारखी केली आणि म्हणाली, "हा अर्धा. आता दुसरं वजन लागतच नाही." त्यातली एक पिशवी घेऊन पुन्हा तेच, पाव किलो. पुन्हा केलं तर सव्वाशे ग्रॅम. इथे गाडी अडली, कारण शंभर ग्रॅम काही केल्या येईना. कितीही निम्मं करा, शंभर मध्ये लागतच नाही. वर्ग बराच वेळ त्यावर भांडला. शेवटी दुसरीतला एक जण हातपाय धुवायच्या जागेवरून साबणाची नवी वडी घेऊन आला. तिच्यावर १०० ग्रॅम छापलेलं होतं.

पहिलीची मुलं या वेळात काय करत होती, असं कोणीतरी विचारेलच. ती बोरं मोजत होती. दहा बोरांचा एक कागदी पुडा, वरची सुटी. चोवीस बोरं म्हणजे दोन पुडे आणि चार सुटी. काही बोरं मोजता मोजता पोटात गेली, ती वजा केली.

बुधवार-गुरुवार दरांचे. एकाच मेथीच्या जुडीचे तीन दर वहीत आले: १५, १० आणि ५. चुकलं कोण? कोणीच नाही. एक जण दुपारी गेला होता, एक संध्याकाळी, आणि एक जण दिवेलागणीला, बाजार उठताना. मग भाव का पडतो यावर जे बोलणं झालं ते परिसर अभ्यासाच्या पुस्तकातून मला कधी काढता आलं नसतं. "उद्या ती सुकणार ना बाई, घरी परत नेऊन काय करणार?"

गुरुवारी पाट्या लिहिल्या. तिसरीतल्या एकाने ठळक अक्षरात लिहिलं: "वटाना ताजा हाय". चौथीच्या मुली हसल्या. मी पाटी तशीच ठेवली आणि वर्गालाच विचारलं, गिऱ्हाइकाला कळेल का? सगळे म्हणाले, कळेल. मग पुस्तकात कसं लिहितात ते फळ्यावर लिहिलं. त्याने वटानाचा वाटाणा केला, "हाय" मात्र ठेवला. म्हणाला, "आहे म्हटलं की शिळा वाटतो."

रोजचं एक गणित तर ठरलेलंच, पोषण आहाराचं. चौथीचा गट हजेरी घेतो आणि स्वयंपाकाच्या ताईंना सांगतो. माणशी १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ, ५ ग्रॅम तेल. ३४ हजर म्हणजे ३ किलो ४०० ग्रॅम तांदूळ, ६८० ग्रॅम डाळ. ताई त्यांच्या अंदाजाने मूठभर जास्तच घालतात, ती बाब अलाहिदा.

शुक्रवारची दुपार माहिती भरण्यात गेली. आमच्याकडे रेंज फक्त पाण्याच्या टाकीखाली येते. मी टाकीखाली आणि वर्ग चौथीच्या हवाली. यावर जास्त लिहीत नाही, रक्तदाब वाढतो.

आता मूळ प्रश्न. तिसरीतला एक मुलगा, त्याचे वडील बाजारात भाजीचं दुकान मांडतात. मंगळवारी त्याने वहीत उभ्या मांडणीत ५० वजा ३७ केलं, उत्तर २७. शून्यातून सात जात नाहीत म्हणून सातातून शून्य घालवलं, पाचातून तीन, झालं. ही चूक तिसरीच्या प्रत्येक वर्गात सापडते. शनिवारी तोच मुलगा टेबलामागे. गिऱ्हाइकाने पाव किलो बोरं घेतली (६० रुपये किलो, म्हणजे १५), अर्धा किलो वाटाणा घेतला (४० रुपये किलो, म्हणजे २०) आणि दोन रुपयांच्या चिंचा. झाले ३७. नोट पन्नासची. या पोराने हातावर एकेक नाणं ठेवत म्हटलं, "सदतीस... अडतीस, एकोणचाळीस, चाळीस, आणि हे दहा, पन्नास." तेरा रुपये. एक क्षण थांबला नाही.

संध्याकाळी त्याला वही दाखवून विचारलं, अरे, हे तेच गणित आहे, मग इथे २७ कसे? तो वहीकडे बघून म्हणाला, "ते वहीतलं हाय बाई."

तर विचारायचं हे की या दोन गणितांची गाठ कशी घालून द्यायची? पुढे मोजत जायची त्याची रीत चालू ठेवू द्यायची, की उभ्या मांडणीवर आणायचा? आणायचा तर कसा?

---

खडीसाखर

आमच्या घरी बरोबर उलटं आहे! मुलगी पुण्यात इंग्रजी माध्यमात तिसरीत. तीन अंकी वजाबाक्या धडाधड करते, पानंच्या पानं. परवा खाली दुकानात दूध आणायला पाठवली, साठची नोट असते का गं म्हणून विचारत होती. ५६ रुपये झाले, तिने शंभर दिले आणि दुकानदाराने दिले तेवढे घेऊन आली. किती परत आले, विचारलं तर म्हणाली, "त्याने दिले ते."

पहिलीची मुलं बोरं खाऊन वजाबाकी शिकली हे वाचून खूप हसले.

---

तिरकसराव

धागा छान. काही शंका.

एक, साबणाची वडी वापरून तोललेला माल विकणे वैधमापन शास्त्रात (म्हणजे वजनमापांच्या कायद्यात) बसत नाही. मुद्रांकन केलेली वजनं लागतात. शिवाय साबण वाळला की वजन घटतं, म्हणजे गिऱ्हाइकाला शंभरच्या नावाखाली पंच्याण्णव ग्रॅम चिंचा. पोरं खरी व्यापारी झाली म्हणायची.

दोन, आणि हे गंभीरपणे विचारतोय. हल्ली भाजीवालीच्या टोपलीलाही क्यूआर कोड लटकलेला असतो. मोड द्यायची वेळ येतेच किती? तुमचा हा मुलगा शेवटच्या पिढीतला असेल. उद्या ही कला आपोआप बाद होणार, मग एवढा जीव कशाला काढायचा?

---

पाटीपेन्सिल

@तिरकसराव, साबणाचा मुद्दा मान्य, वैधमापनवाले आले तर तुमचं नाव सांगेन.

क्यूआरचं मात्र उलट वाटतं. पूर्वी मूल दुकानात गेलं की रोज पाच-सहा वजाबाक्या तोंडी व्हायच्या, कोणी शिकवायला लागायचं नाही. आता फोन टिंग वाजतो आणि झालं. जे घरीदारी फुकट मिळत होतं ते आता शाळेला मुद्दाम द्यावं लागतं. म्हणून तर आमच्या बाजारात फक्त रोख चालली. एका मामांनी फोन पुढे केला, त्यांना पोरांनी परत पाठवलं.

---

आकडेमोड

बाई, तुमच्या या मुलावर जगभर अभ्यास झालेला आहे, म्हणजे त्याच्यासारख्या मुलांवर.

१९८५ साली ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर माल विकणाऱ्या मुलांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. संशोधक गिऱ्हाईक बनून गेले. एक नारळ ३५ ला, तर दहांचे किती, असं बारा वर्षांच्या मुलाला विचारलं. तो शून्य जोडून ३५० म्हणाला नाही. तिनांचे १०५, आणखी तीन धरले की २१०, असं करत करत ३५० वर पोचला. तीच गणितं मग कागदावर दिली तर याच मुलांची भंबेरी उडाली.

आपल्याकडचं ताजं काम २०२५ मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात आलं. अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणारी मुलं. अवघड व्यवहार मनातल्या मनात बिनचूक, पण शाळेच्या पद्धतीने मांडलेली साधी वजाबाकी किंवा भागाकार आला की अडतात. आणि शाळेत शिकणारी, बाजारात काम न करणारी मुलं नेमकी खडीसाखर यांच्या मुलीसारखी: कागदावर बऱ्यापैकी, पण बाजारातला हिशेब दिला की अडखळतात. म्हणजे ज्ञान दोन्हीकडे आहे, पण एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जायला दार नाही.

तेव्हा "ते वहीतलं हाय" हे त्या पोराचं म्हणणं अगदी नेमकं आहे.

---

जुनेगुरुजी

नमस्कार. ३० वर्षे प्राथमिकला काढली, निवृत्त होऊनही बरीच वर्षे झाली. थोडं सविस्तर लिहितो, कंटाळू नये.

आमच्या वडिलांच्या पिढीला पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी पाठ असायची. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. ते गणित बाजारासाठीच होतं. ६० रुपये किलोची पाव किलो बोरं म्हणजे साठाची पावकी, पंधरा. दशमान पद्धत आली, मण-शेर गेले, तशी ती पाठांतरंही गेली. गेली ते बरंच झालं असं मी म्हणेन, कारण निम्म्या पोरांना त्यातलं काही कळत नसे, छडीच्या धाकाने नुसता सूर लागलेला असे. तेव्हा जुन्याचं कौतुक करायला मी आलेलो नाही.

पण उभी मांडणी सोडून चालणार नाही. पुढे मोजत जाण्याची रीत दोन अंकी संख्यांत झकास चालते. ८००४ वजा २९७६ आलं की त्यात गोंधळ होतो. शिवाय पुढे भागाकाराची पायरी लिहायची तर वजाबाकी मांडता आलीच पाहिजे.

आता तुमचा "कसा?". माझं म्हणणं असं की त्या मुलाला तुम्ही सतत दुकानदार केलंत. दुकानदार मोड देताना बेरीजच करतो, वजाबाकी कधी करतच नाही. त्याला गिऱ्हाईक करा. हातात दहाच्या पाच नोटा द्या, दुसरं काही नको. आणि सांगा, ३७ रुपये बरोब्बर दे, दुकानदाराकडे एक रुपयाही मोड नाही. तीन नोटा देईल, सात सुटे कुठून आणणार? एक नोट मोडायला त्याला कुणाकडे तरी जावंच लागेल. नोट मोडून दहा सुटे आणणं हाच हातचा. पाचावर काट मारून चार लिहितो ते हेच, एक नोट गेली. शून्यावर दहा लिहितो ते हेच, सुटे आले. हे हातांनी झालं की मग लगेच, त्याच बैठकीत, वही उघडायची. दुसऱ्या दिवशी नाही.

---

तिरकसराव

गुरुजी, हे आम्हाला तिसरीत कोणी का नाही सांगितलं? मी आजतागायत "शेजाऱ्याकडून एक उसना घेतला" असंच समजत होतो. परत कधी करायचा हे कोणी सांगितलं नाही म्हणून मनात एक अपराधी भावना होती.

---

पेडणेकरीण

मी गोव्यातून, पेडण्याकडच्या सरकारी मराठी प्राथमिक शाळेत. आमच्याकडेही पहिली ते चौथी, आणि पट कमी म्हणून मी एकटीच. त्यामुळे चार इयत्ता एका खोलीत हा आमचा "गेला आठवडा" नसतो, वर्षच असतं.

एक गोष्ट खटकली ती लिहिते, राग मानू नये. तुमच्या लिहिण्यात चौथीचा गट सगळीकडे आहे. हजेरी तो घेतो, तांदळाचा हिशेब तो करतो, तुम्ही टाकीखाली गेलात की वर्ग तो सांभाळतो. त्यात मुली किती? माझा अनुभव असा की हुशार आणि शांत चौथीच्या मुलीच बाईंच्या मदतनीस होतात. पहिलीला अक्षरं गिरवायला तीच बसवणार, फळा तीच पुसणार. तिला शिकवता शिकवता येतं हे खरं, पण तिला जे येत नाही ते तिला कोण शिकवणार? वर्षाच्या शेवटी कळतं की तिचा भागाकार कच्चाच राहिला, कारण सगळा वेळ ती दुसऱ्यांची बेरीज तपासत होती.

मी आता असं करते. जोड्या आठवड्याला बदलतात आणि तिसरीचं मूलही चौथीच्या मुलाला एखादी गोष्ट शिकवतं, जी त्याला येते. तुमचा भाजीवाल्याचा मुलगा मोड द्यायला कोणालाही शिकवू शकेल, त्या चौथीच्या मुलींनासुद्धा.

मुलांची विभागणी इयत्तेवर न करता कामावर केली तर एकटीलाही झेपते, एवढंच सांगेन. तराजूच्या दिवशी तुमची तशीच झाली होती, बोरांवर पहिली आणि वाळूवर तिसरी-चौथी.

---

पाटीपेन्सिल

@पेडणेकरीण, राग कसला. चौथीत नऊ जण, त्यात सहा मुली. वाळू निम्मी करणारी मुलगी त्यातलीच. तुमचा प्रश्न वाचून तिची भागाकाराची वही काढून पाहिली. तिची बरी आहे, दुसऱ्या एकीची नाही. जोड्या या आठवड्यापासून बदलल्या.

---

वऱ्हाडी ठेचा

मॅडम, तुमच्या बजारात नफा-तोटा कसा काढला? तेच मले पाह्यचं होतं. घरची मेथी, घरचे बोरं, म्हणजे खर्च काहीच नाही, सगळा नफाच, असं त लिहिलं नाही न पोरायनं? आमच्याकडे कापसाचं असंच असते. घरची मजुरी कोनी धरतच नाही, अन् मंग म्हन्तात शेतकऱ्याले एवढे पैसे भेटले.

---

पाटीपेन्सिल

@वऱ्हाडी ठेचा, बरं झालं विचारलंत, हा भाग लिहायचा राहूनच गेला होता आणि खरं तर तोच सगळ्यात रंगला.

शनिवारी बाजार उठल्यावर प्रत्येकाने तीन रकाने भरायचे होते: खर्च, विक्री, उरले. बहुतेकांनी खर्चाच्या रकान्यात शून्य लिहिलं. चौथीतला एक जण, ज्याची मेथी लवकर खपली नव्हती, तो शून्य लिहायला तयार होईना. "बी इकत आणलं होतं." बरं, बियाचे लिही. "पाणी आजीनं दिलं." पाण्याचे किती? "पाण्याचे नाय, आजीचे." आजीचे किती? तिथे वर्ग थांबला. एक जण म्हणाला, दुसऱ्याच्या शेतात आजी गेली असती तर रोज मिळाला असता, तेवढे धरा. दुसरा म्हणाला, आजी कुठे जाते, तिचे गुडघे दुखतात. एका मुलीने विचारलं, मग आजीच्या कामाचे शून्य का?

मी मध्ये पडले नाही. शेवटी त्यांनी आपापसात ठरवलं की दोन ओळी लिहायच्या: "आजी न धरता" आणि "आजी धरून". पहिल्या ओळीत मेथीला थोडा नफा, दुसऱ्या ओळीत तोटा. त्याने शेवटच्या सहा जुड्या पाच-पाच रुपयांना काढल्या होत्या, दिवेलागणीचा भाव त्याला ठाऊक होताच.

---

आकडेमोड

कमाल आहे. कृषिमूल्य आयोग उत्पादनखर्च मोजताना अगदी हेच करतो. खिशातून गेलेला खर्च म्हणजे ए२, आणि त्यात घरच्या माणसांच्या श्रमाचं मोल मिळवलं की ए२ अधिक एफएल. हमीभाव कशावर धरायचा याचं सगळं भांडण या ओळींवरून आणि त्याच्या पुढच्या सी२ वरून चालतं, ज्यात स्वतःच्या जमिनीचं भाडं आणि भांडवलावरचं व्याजही येतं. तुमच्या चौथीने "आजी धरून" म्हटलं ते तांत्रिक नावापेक्षा चांगलं आहे.

---

वऱ्हाडी ठेचा

आजी धरून! हे मी आता सगळीकडे वापरनार.

---

खडीसाखर

गुरुजींची नोटांची युक्ती घरी करून पाहिली, फक्त उलट दिशेने. माझ्या मुलीला उभी मांडणी येतेच. तिने पाचावर काट मारली तेव्हा विचारलं, ही नोट कुठे गेली? ती गोंधळली. पाच मिनिटं खेळातल्या नोटा घेऊन बसलो. मग तीच म्हणाली, "म्हणजे मी काट मारते तेव्हा कोणीतरी सुटे देतं?" इतके दिवस तिला फक्त काट मारायची एवढंच माहीत होतं!

बाई, तुम्ही केलं का? आणि या सगळ्याला गुण कुठे देता? आमच्या शाळेत तर फक्त पेपर.

---

एक वाचक

२०१९ ला बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात वीस एक, वीस दोन असं वाचन आणलं होतं, त्याने हा मुलगा "सदतीस, अडतीस" ऐवजी...

---

तिरकसराव

नको! त्याचा वेगळा धागा आहे, चारशे प्रतिसादांचा, तिकडे जा. हा धागा चांगला चाललाय.

---

पाटीपेन्सिल

केलं, सोमवारीच. सरही प्रशिक्षणाहून आले होते, त्यामुळे तिसरी-चौथी पुन्हा त्यांच्याकडे गेली होती, पण हा एक तास मी मागून घेतला.

गणित पेटीतल्या खोट्या नोटा काढल्या. एका मुलीला बँक केलं, तिच्याकडे सुटे रुपये. दुकानदार दुसरा, आणि आपला भाजीवाला गिऱ्हाईक. हातात दहाच्या पाच नोटा, द्यायचे ३७. आधी त्याने सवयीने चार नोटा पुढे केल्या आणि "तीन परत दे" म्हणाला. दुकानदार म्हणाला, माझ्याकडे नाहीत. मग तो बराच वेळ नोटांकडे बघत बसला. कोणीतरी सांगायला निघालं, त्याला मी गप्प केलं. शेवटी उठून बँकेकडे गेला, एक नोट दिली, दहा सुटे मोजून घेतले (बँकेने नऊच दिले होते, त्याने पकडलं), परत येऊन तीन नोटा आणि सात सुटे दिले. हातात राहिली एक नोट आणि तीन रुपये.

गुरुजींनी सांगितल्याप्रमाणे लगेच वही उघडली. पाचावर काट मारायच्या आधी तो स्वतःच पुटपुटला, "ही मोडली." चार लिहिले, शून्याच्या डोक्यावर दहा. उत्तर १३. मग ६२ वजा २८ स्वतः केलं, बरोबर. ८१ वजा ४५, तेही बरोबर.

म्हणून मी १०० वजा ६४ दिलं आणि तिथे फसलं. त्याच्या हातात शंभरची एकच नोट. बँकेकडे गेला, तिने दहाच्या दहा नोटा दिल्या. परत येऊन सहा नोटा ठेवल्या, आणि चार सुटे? पुन्हा बँक. प्रत्यक्षात त्याने ते केलं, कुरकुरत, पण वहीत दोनदा मोडणं लिहिता येईना. दोन शून्यांवर कुठे काय लिहायचं यात गोंधळला, आणि मग पेन्सिल ठेवून तोंडी सांगितलं, "चौसष्ट, सत्तरला सहा, शंभरला तीस. छत्तीस. झालं ना बाई?" झालंच होतं. ते मी रिकाम्या संख्यारेषेवर लिहून घेतलं: ६४ वरून ७० वर एक उडी, तिथून १०० वर दुसरी, उड्यांवर ६ आणि ३०. हे लिहिणं त्याला आवडलं, कारण ते त्याच्या बोलण्यासारखंच दिसतं. दोनदा मोडायचं या आठवड्यात पुन्हा घेऊ.

@खडीसाखर, गुणांचं म्हणाल तर राज्याच्या सातत्यपूर्ण मूल्यमापनात तिसरी-चौथीला आकारिकचे (वर्षभरातल्या नोंदींचे) ६० आणि संकलितचे (सत्राअखेरच्या परीक्षेचे) ४० असतात. आकारिकमध्ये तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम हे सगळं धरता येतं. तेव्हा टेबलामागची मोड प्रात्यक्षिकात, उड्या तोंडी कामात. कागदोपत्री सोय आहे, बरेच जण ती जागा मागच्या वर्षीच्या नोंदी उतरवून भरतात तो भाग वेगळा.

---

जुनेगुरुजी

१०० वजा ६४ इतक्या लवकर द्यायला नको होतं. मध्ये शून्य असलेली गणितं आम्ही सगळ्यात शेवटी घेत असू. आधी १३० वजा ६४ वगैरे द्या, शंभरची एक आणि दहाच्या तीन नोटा. म्हणजे दहाची मोडून झाली की मग शंभरची मोडायची वेळ येईल, एका वेळी एकच अडचण. ती जमली की १०५, मग १००.

बाकी बँकेने नऊ दिलेले त्याने पकडले हे वाचून बरं वाटलं.

---

पेडणेकरीण

तराजूचा हँगर प्लॅस्टिकचा की लाकडी? आमच्याकडे प्लॅस्टिकचा अर्ध्या किलोला वाकला.

---

पाटीपेन्सिल

लाकडी, दोन्ही टोकांना खाच असलेला. सुतळी खाचेत घट्ट बसते, सरकत नाही. एक किलोच्या वर मात्र तोलू नका, हुक निसटतो. आणि पारडी अदलाबदल करून एकदा बघायला लावा, पासंग बरोबर आहे की नाही ते मुलांनाच कळतं.

@जुनेगुरुजी, १३० वजा ६४ उद्या देते.